सल्ला कोणाचा, मीठ कोणाचं? : सोलापूरच्या आसपासच्या सल्लागारांची पाचशे वर्षं

आजची पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री वाचा.

परवा सकाळी शुक्रवार पेठेतल्या घरातून निघालो, चालत टिळक चौकापर्यंत गेलो आणि येता-जाता सहज पाट्या मोजल्या. करिअर सल्लागार, गुंतवणूक सल्लागार, जीएसटी सल्लागार, वास्तू सल्लागार, विवाहपूर्व समुपदेशन, परदेशी शिक्षण मार्गदर्शन. चौदा झाल्यावर मोजणं सोडलं. माझ्या लहानपणी याच रस्त्यावर दोन वकिलांच्या पाट्या होत्या आणि एका टॅक्सवाल्या काकांची. बाकी सल्ला कट्ट्यावर फुकट मिळायचा.

पाट्या मोजायचं कारण घरचंच आहे. दोन वर्षांपूर्वी लेक बारावी झाली. आम्ही तिला एका करिअर सल्लागाराकडं नेलं. तीन हजार रुपये फी. त्यांनी तासभर प्रश्न विचारले, रंगीत आलेख काढले आणि पुण्याच्या एका खासगी कॉलेजचं नाव सांगितलं. आम्ही गेलो. प्रवेशाच्या अर्जावर ‘संदर्भ’ असा एक रकाना होता. आम्ही काही लिहायच्या आधीच त्यात त्या सल्लागारांचं नाव छापलेलं होतं. तेव्हा लक्षात आलं नाही. वर्षभरानं लेक सगळं सोडून परत सोलापूरला आली, तेव्हा तो रकाना आठवला. सल्ल्याची फी आम्ही दिली होती, आणि आमच्यासारखं गिऱ्हाईक आणून दिल्याची दलाली कॉलेजनं. कॉलेजचं आणि माणसाचं नाव इथं लिहीत नाही. कमेंटमध्येही विचारू नका. पत्रकारितेत पंचवीस वर्षं घालवलेल्या माणसानं अर्जाचा पहिला कागद नीट वाचला नाही, यात माझाही वाटा आहेच.

पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसला. सल्लागार नक्की कोणाचा असतो? तो शोधायला जुन्या पुस्तकांत गेलो, तर आपल्याच भागात पाचशे वर्षांचा माल सापडला. तोच मांडतो.

हुंड्यातला किल्ला

सुरुवात आपल्या भुईकोटापासून. सिद्धेश्वर तलावाच्या काठावर बसून आपण भजी खातो, पण या किल्ल्यापायी किती माणसं मेली याचा हिशेब कोणी करत नाही.

साल १५२४ च्या आसपासचं. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा आणि विजापूरचा इस्माईल आदिलशहा यांची भेट सोलापूरला झाली. जुनी भांडणं मिटवायची होती. आदिलशहाची बहीण मरियम हिचं लग्न बुऱ्हाणशी लावून दिलं गेलं. विजापूरच्या बाजूनं बोलणी करण्यात असदखान लारी हा वजनदार सरदार होता, बेळगावची जहागीर असलेला. फिरिश्ता या इतिहासकारानं लिहून ठेवलंय की, सोलापूरचा किल्ला आणि आसपासचा मुलूख हुंड्यात देऊ, असा शब्द असदखानानं दिला होता.

लग्न झालं. वऱ्हाड परत गेलं. मग नगरकरांनी किल्ला मागितला. आदिलशहा म्हणाला, असा काही शब्द मला ठाऊक नाही. माझ्या माणसानं परस्पर काही कबूल केलं असेल तर ते माझ्यावर बंधनकारक नाही.

झालं. लढाई जुंपली. निजामशहा दुसऱ्या सुलतानांना सोबत घेऊन आला, हरला, परत गेला. पण सोलापूरचा विषय पुढं पिढ्यान्‌पिढ्या पेटत राहिला. चाळीस वर्षांनी पुन्हा एक लग्न ठरलं. नगरच्या हुसेन निजामशहाची मुलगी चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, आणि तिच्याबरोबर हुंड्यात दिलं काय? सोलापूरचा किल्लाच. म्हणजे आपलं गाव दोनदा हुंड्यात मांडलं गेलं, एकदा इकडून आणि एकदा तिकडून. या दुसऱ्या सोयरिकीनंतर १५६५ च्या जानेवारीत दख्खनचे सुलतान एक होऊन विजयनगरवर चालून गेले. तीच तालिकोटची लढाई.

असदखान खोटं बोलला की त्याचा मालक फिरला, हे आज ठरवता येत नाही. पण दोन माणसांमध्ये बोलणी करणाऱ्यानं शब्द दिला आणि त्या शब्दामागं अधिकार किती होता हे कोणी लिहून घेतलं नाही, एवढं नक्की. बिल्डरच्या ऑफिसात ‘साहेबांनी सांगितलंय, होऊन जाईल’ असं म्हणणारा माणूस भेटला की मला असदखान आठवतो.

परांड्याचा मास्तर

याच भेटीच्या मागं आणखी एक माणूस होता, शाह ताहिर. इराणातून आलेला विद्वान. तो आधी येऊन राहिला कुठं, तर परांड्याला. बार्शीहून तासाभरात जाता येतं, किल्ला आजही बघण्यासारखा आहे. बुऱ्हाण निजामशहाचे गुरुजी पीर मुहम्मद हे दरबारी कामानिमित्त परांड्याला गेले होते. तिथं त्यांनी शाह ताहिरचं शिकवणं ऐकलं आणि ते तिथंच थांबले. गेले राजकारणाच्या कामाला, बसले विद्यार्थी होऊन. नगरला परतल्यावर त्यांनी सुलतानाला सांगितलं की, असा माणूस आपल्याकडं पाहिजे.

मग शाह ताहिर नगरला गेला. तिथं तो शिकवायचा, विद्वानांच्या सभा भरवायचा, सुलतानाला सल्ला द्यायचा आणि वेळ पडली की वकिलीवर, म्हणजे राजदूत म्हणून दुसऱ्या दरबारात जायचा. गुजरातच्या बहादूरशहाशी बोलणी करायला तोच गेला. शिक्षण आणि परराष्ट्र, दोन्ही खाती एकाच माणसाकडं.

पण तोही कोरा नव्हता. त्याला स्वतःचा पंथ होता. १५३७ च्या सुमारास त्याच्याच सांगण्यावरून बुऱ्हाणनं शिया पंथ स्वीकारला आणि नगरमध्ये मोठा गोंधळ झाला. सल्लागार लाच घेतो तेव्हाच सल्ला वाकतो असं नाही. त्याच्या मनात आधीपासून जे बसलेलं असतं, तेही सल्ल्यात उतरतं. शाह ताहिरनं ते लपवलं नव्हतं एवढाच फरक.

चार खाती

आता शिवाजी महाराजांकडं येऊ. १६७४ चा राज्याभिषेक आणि अष्टप्रधान आपण शाळेत पाठ केले. पाठ केले म्हणूनच बहुतेक नीट वाचले नाहीत. त्या आठांतली चार पदं बघा. अमात्य म्हणजे जमाखर्च. सुमंत ऊर्फ डबीर म्हणजे परराज्यांशी व्यवहार. न्यायाधीश म्हणजे न्याय. पंडितराव म्हणजे धर्म, विद्या आणि विद्वानांचा मान. पैसा, परराष्ट्र, कायदा, शिक्षण. शुक्रवार पेठेतल्या पाट्यांवर आज जे विषय आहेत, तेच महाराजांनी वेगवेगळ्या माणसांना वाटून दिले होते.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. बहुतेक प्रधानांना प्रसंग पडेल तेव्हा स्वारीवर जावं लागे. सुटका होती ती न्यायाधीश आणि पंडितराव या दोघांना. बाकीच्यांनी दिलेला सल्ला चुकला तर त्याची झळ त्यांना रणांगणात लागायची. कचेरीत बसून ‘लढा’ म्हणायची सोय नव्हती.

त्याच परंपरेतले रामचंद्रपंत अमात्य. शिवाजी महाराज, संभाजी महाराज, राजाराम महाराज, ताराराणी अशा सगळ्या काळात त्यांनी कारभार पाहिला. १७१५ चं ‘आज्ञापत्र’ त्यांच्या नावावर सांगितलं जातं. कोल्हापूरच्या गादीसाठी लिहिलेला हा राज्यकारभाराचा ग्रंथ आहे. त्यात सावकार, व्यापारी यांना राज्याची शोभा मानून सांभाळायला सांगितलंय. आणि लगेच पुढं इशारा दिलाय की टोपीकर, म्हणजे फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरांसीस हे साध्या सावकारांसारखे समजू नका. यांच्या पाठीमागं त्यांचे राजे आहेत. व्यापार करू द्या, पण समुद्रकाठी जागा देताना, किल्ल्याजवळ येऊ देताना दहा वेळा विचार करा.

माझ्या मते सल्लागार ओळखायची मराठीतली पहिली पक्की शिकवण हीच. समोर बसलेला माणूस काय बोलतो हे ऐका, आणि त्याच्या पाठीमागं कोण उभं आहे तेही बघा. अर्जावरचा ‘संदर्भ’ हा रकाना मी वाचला असता तर रामचंद्रपंतांना बरं वाटलं असतं.

वकील या शब्दाचा प्रवास

आज वकील म्हटलं की काळा कोट डोळ्यापुढं येतो. पेशवाईत वकील म्हणजे दुसऱ्या दरबारात राहणारा आपला माणूस. दिल्लीला हिंगणे घराणं, हैदराबादेत काळे घराणं. त्यांची पत्रं वाचा. कोणत्या सरदाराचं कोणाशी बिनसलं, बाजारात धान्याचा भाव काय, फौज कुठं हलली, सगळं आहे. आमच्या धंद्यात ज्याला वार्ताहर म्हणतात ते कामही हेच लोक करत होते. गोविंदराव काळे निजामाच्या दरबारात थकलेल्या चौथाईचा हिशेब मागत होते. तो हिशेब मिटला नाही, उलट निजामाचा दिवाण उद्दामपणे बोलला, आणि प्रकरण ११ मार्च १७९५ ला खर्ड्याच्या मैदानात गेलं. खर्डा काही लांब नाही, बार्शीवरून पुढं जामखेडच्या वाटेवर. मराठे जिंकले. म्हणजे हा वकील हिशेबनीसही होता, राजदूतही होता आणि बातमीदारही.

पण वकील या शब्दाची खरी कसोटी लागली ती मराठी राज्य गेल्यावर.

१८१८ च्या मे महिन्यात जनरल मन्रोनं सोलापूरचा किल्ला घेतला. पेशवाई संपली. इंग्रजांनी साताऱ्याला छत्रपती प्रतापसिंहांना छोटं राज्य दिलं आणि २५ सप्टेंबर १८१९ ला तह केला. त्या तहातलं एक कलम असं की, राजानं सर्व बाबतींत इंग्रजांच्या प्रतिनिधीच्या सल्ल्यानं चालावं.

‘सल्ल्यानं’ हा शब्द बघा. न ऐकण्याची मुभा असते तोच सल्ला. तहात लिहिलेला, फौजेच्या जोरावर दिलेला सल्ला म्हणजे हुकूम. रेसिडेंट हा राजाच्या दरबारात बसायचा, राजाशी गोड बोलायचा आणि त्याचा पगार मात्र कंपनी द्यायची. वीस वर्षं हे चाललं. १८३९ च्या सप्टेंबरमध्ये प्रतापसिंहांवर कटाचे आरोप ठेवून त्यांना गादीवरून काढलं आणि काशीला पाठवलं.

मग एक दुसरा सल्लागार उभा राहिला. रंगो बापूजी गुप्ते, प्रतापसिंहांचे वकील. ते लंडनला गेले. कशासाठी? तर तुमच्याच कायद्यानं, तुमच्याच तहाच्या कलमांवर बोट ठेवून आमच्या राजाला न्याय द्या, हे सांगायला. कंपनीच्या डायरेक्टरांपुढं, पार्लमेंटच्या सभासदांपुढं अर्ज, निवेदनं, पत्रकं, भाषणं. पैशाची ओढाताण. जवळजवळ चौदा वर्षं. १८४७ साली प्रतापसिंह काशीत वारले. १८४८ मध्ये त्यांचे भाऊ शहाजी गेले आणि डलहौसीनं वारस नामंजूर करून सातारचं राज्यच खालसा केलं. साताऱ्याच्या मांडलिकांत आपलं अक्कलकोट होतं. तेही यानंतर थेट इंग्रजांच्या देखरेखीखाली आलं.

पक्षकार वारला. ज्या राज्यासाठी दावा लावला ते राज्य नकाशावर उरलं नाही. तरी हा वकील लंडनमध्ये बसून दावा लढत होता. शेवटी रिकाम्या हातानं परतले. १८५७ च्या उठावात साताऱ्याकडच्या कटात त्यांचं नाव आलं. मुलगा सीतारामला इंग्रजांनी मारलं. स्वतः रंगो बापूजी ठाण्याच्या बाजूनं निसटले आणि पुन्हा कुणाला दिसले नाहीत.

एकाच दरबाराभोवतीचे दोन सल्लागार. रेसिडेंट आणि रंगो बापूजी. दोघंही हुशार, दोघांनाही कायदा ठाऊक. फरक एवढाच की एकाचं मीठ कंपनीचं होतं आणि दुसऱ्यानं ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यासाठी घरदार घालवलं.

सोलापूरसाठी झालेला कायदा

राज्य गेलं, कोर्टं आली. दरबारातला वकील कोर्टात आला. आणि शेतकऱ्याच्या वाट्याला एक नवं जग आलं, ज्यात त्याचा अंगठा हीच त्याची कबुली होती. कागद सावकाराच्या ओसरीवर, कागद लिहिणारा सावकाराच्या ओळखीचा, कोर्टाची भाषा परकी. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याला उद्रेक झाला. नगरकडंही लोण गेलं. लोकांनी सावकारांची घरं फोडून काय जाळलं, तर कागद. कर्जरोखे, हुकूमनामे. हेच दख्खनचे दंगे.

त्यावर चौकशी आयोग बसला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. सुरुवातीला तो फक्त चार जिल्ह्यांना लागू होता. पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर. आपला जिल्हा त्या चारांत होता.

आज हा कायदा कुणाला माहीत नाही, पण त्यातली डोकॅलिटी बघा. एक, कोर्टानं फक्त रोखा बघायचा नाही, पहिल्या रुपयापासून व्यवहाराचा सगळा इतिहास खणायचा. दोन, शेतकऱ्याचा कागद गावच्या निबंधकापुढं लिहिला गेला पाहिजे, सावकाराच्या ओसरीवर नाही. तीन, दाव्याआधी सलोखा करणाऱ्या माणसापुढं जायचं. चार, लहान रकमेच्या दाव्यांत वकिलांना उभंच राहू द्यायचं नाही, कारण वकील परवडायचा तो सावकारालाच. आणि गरज वाटली तर शेतकऱ्याला कोर्टानं मदतीला वकील द्यायचा.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली न्यायाधीश म्हणून या भागात कित्येक वर्षं काम केलं, गावोगाव फिरून दप्तरं तपासली. सलोख्याची पद्धत पुढं फार टिकली नाही, वेळ खाते अशा तक्रारी झाल्या. कायद्यात पळवाटाही निघाल्या. रोख्याऐवजी खरेदीखत करून घ्यायचं, हे तेव्हापासूनच. तरी त्या कायद्यामागचा विचार मला आजही ताजा वाटतो. दोन माणसांपैकी एकाकडंच सल्लागार असेल तर ती बोलणी बरोबरीची नसतात. सरकारनं तेव्हा, तेही परक्या सरकारनं, हे मान्य केलं होतं.

हेडमास्तर जोशी

आता ज्या माणसासाठी ही सगळी पोस्ट लिहायला घेतली, त्याच्याकडं येतो.

रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी. जन्म १८५१, मृत्यू १९११. सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी, ते वेगळे. नावाच्या गोंधळात आपले हे जोशी कायम मागं राहिले. पेशानं सरकारी शाळामास्तर. सोलापूरच्या हायस्कुलात हेडमास्तर होते. दिवसा शाळा, आणि रात्री काय, तर सरकारचे अहवाल, अंदाजपत्रकं, शेतसाऱ्याचे आकडे, रेल्वेचा खर्च, लष्कराचा खर्च, दुष्काळाच्या नोंदी. रकाने आखून हा माणूस हिंदुस्थानचा जमाखर्च मांडत बसायचा.

पुणे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात त्यांचे लेख येत. सरकारी नोकर असल्यामुळं नाव नसे. त्रैमासिकाचं संपादन १८८७ पासून गोपाळ कृष्ण गोखले करू लागले. गोखले तेव्हा विशीतले, फर्ग्युसनमध्ये शिकवणारे. रानडे त्यांचे गुरू, हे सगळ्यांना माहीत आहे. आकड्यांचे गुरू मात्र सोलापुरात बसले होते.

१८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढं साक्ष द्यायला गोखले लंडनला गेले. तिशी ओलांडून वर्षही झालं नव्हतं. समोर मुरलेले इंग्रज अधिकारी. त्यांनी उलटसुलट प्रश्न विचारले, पण गोखले डगमगले नाहीत. त्या साक्षीमागचे आकडे आणि मांडणी तयार करण्यात जोशींचा मोठा हात होता. पुढं २६ मार्च १९०२ ला कलकत्त्यात मध्यवर्ती कायदे कौन्सिलात गोखल्यांचं अंदाजपत्रकावरचं पहिलं भाषण झालं. सरकार शिलकी अंदाजपत्रकाची फुशारकी मारत होतं. गोखल्यांनी दाखवलं की, देश दुष्काळानं मोडला असताना तिजोरीत शिल्लक उरते, याचा अर्थ लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातोय. त्यातही मिठावरचा कर, जो सगळ्यात गरीब माणसालाही लागतो. या भाषणाच्या तयारीतही जोशींची मदत होती. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर मणामागं अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला. एका भाषणानं झाला असं मी म्हणणार नाही. पण मुद्दा ज्या आकड्यांवर उभा होता ते आकडे सरकारला खोडता आले नाहीत.

इथं एक तुलना करावीशी वाटते. त्याच १८९७ साली, त्याच लंडनमध्ये, गोखल्यांनी पुण्यातल्या प्लेगच्या वेळी गोऱ्या सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांबद्दल एक जाहीर विधान केलं. त्याचा आधार पुण्याहून आलेली पत्रं. सरकारनं पुरावा मागितला. मुंबईत उतरल्यावर गोखल्यांना पुरावा उभा करता आला नाही, पत्रं लिहिणाऱ्यांची नावं त्यांनी उघड केली नाहीत आणि शेवटी जाहीर माफी मागावी लागली. लोकांनी भ्याड म्हटलं, आयुष्यभर ती जखम राहिली.

एकच माणूस, एकच वर्ष, दोन सल्ले. तपासलेल्या आकड्यांनी त्याला वर नेलं, न तपासता आलेल्या पत्रांनी खाली आणलं. आम्ही बातमीदार मंडळींनी तर हे भिंतीवर लिहून ठेवलं पाहिजे. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करणाऱ्यांनीही.

आणि जोशींना यातून काय मिळालं? भाषण गोखल्यांचं, टाळ्या गोखल्यांना. वारल्यानंतर, १९१२ साली, त्यांच्या लेखांचा आणि भाषणांचा जाडजूड इंग्रजी संग्रह निघाला, एवढंच. कायदा, अर्थ, राजकारण आणि शिक्षण या चारही गोष्टींचा सल्ला आपल्या गावातल्या एका मास्तरनं दिला, आणि कुणाकडून दलाली घेतली नाही. या माणसाच्या नावाचा एखादा चौक, एखादं दालन, गेला बाजार शाळेत एखादा फोटो असायला काय हरकत आहे? कुणाच्या शाळेत असेल तर जरूर कळवा, मी जाऊन बघून येईन.

मग आज काय करायचं?

इतिहास सांगून झाला, आता आपल्या पाट्यांकडं परत या. सगळे सल्लागार वाईट असं मी म्हणत नाही. आमच्या गल्लीतच दोन जण असे आहेत की, ‘यात माझं कमिशन आहे’ असं आधी सांगतात आणि मग बोलतात. अशा माणसाकडं मी डोळे झाकून जातो. पण पाचशे वर्षांच्या या गोष्टींतून मला चार प्रश्न मिळाले. सल्ला घ्यायला बसल्यावर तेवढे विचारा.

पहिला, असदखानाचा प्रश्न. तुम्ही जो शब्द देताय तो द्यायचा अधिकार तुम्हाला आहे का? असेल तर लिहून द्या.

दुसरा, रामचंद्रपंतांचा. तुमच्या पाठीमागं कोण आहे? तुम्हाला पैसे मी देतोय, की आणखी कोणी?

तिसरा, रेसिडेंटचा. मी नाही म्हटलं तर चालेल का? चालत नसेल तर तो सल्ला नव्हे.

चौथा, जोशी मास्तरांचा. आकडा कुठून आला, दाखवा.

कायद्यानंही काही दारं उघडी ठेवली आहेत, ती वापरा. गुंतवणुकीचा सल्ला फी घेऊन देणाऱ्याला सेबीची नोंदणी लागते, २०१३ पासून त्याचे नियम आहेत. नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका. ज्याला सल्ल्याची फी दिली, त्यानंच त्याच गिऱ्हाइकाला माल विकून कमिशन खायचं नाही, हे त्या नियमांचं सार आहे. वकिलाला जाहिरात करायला बंदी आहे आणि दाव्याच्या निकालावर फी ठरवायलाही बंदी आहे. ‘केस जिंकून देतो, मग अर्धे द्या’ म्हणणारा भेटला तर उठून या. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्यानुसार महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतला माणूस यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन १५१००. आपल्या पूर्व भागातल्या किती विडी कामगार बायकांना हे ठाऊक आहे? मी विचारून बघितलं, हात वर झाले नाहीत.

राहिलं शिक्षण. करिअर सल्लागाराची पाटी लावायला ना परीक्षा लागते, ना सनद. सगळ्यात महाग निर्णय आपण सगळ्यात उघड्या बाजारात घेतो. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेनं प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असं त्यात आहे. म्हणजे पोराला घेऊन पाट्या धुंडाळत फिरायच्या आधी शाळेत जाऊन विचारता येईल, ‘सर, आपला समुपदेशक कोण, कोणत्या वारी भेटतो?’ पालकसभेत हा एक प्रश्न विचारा. उत्तर मिळालं तर चांगलंच, नाही मिळालं तर मला सांगा, मी बातमी करतो.

आमची लेक आता सोलापुरातच संख्याशास्त्र शिकते. हा सल्ला तिला कोणी दिला माहीत आहे? तिच्या जुन्या शाळेतल्या गणिताच्या बाईंनी. रस्त्यात भाजी घेताना भेटल्या, दहा मिनिटं बोलल्या. जाताना म्हणाल्या, ‘बघ बाई, मला वाटलं ते सांगितलं. तुझं तू ठरव.’

तुमचे अनुभव कमेंटमध्ये लिहा. नावं नकोत, काय झालं ते लिहा. आणि हेडमास्तर जोशींबद्दल कुणाच्या घरी जुना कागद, फोटो, आठवण असेल तर माळ्यावरून जरा खाली काढा.